ठिपक्यांची बाजू

“हॅलो?… हॅलो, कोण?… अगंबाई, वन्सं होय! … नाही हो, तुमचा आवाज ओळखणार नाही असं कसं होईल? तुटक येतोय. … कुठून बोलताय? … दाजींच्या मोबाइलवरून. … बरं, बरं. … हो, आता येतंय ऐकू. बोला.”

वासंतीने पदराला हात पुसले आणि प्लॅस्टिकचं स्टूल पायाने फोनपाशी ओढून घेतलं. चंद्रभागावन्संचा लोणीहून फोन आला म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती असायची. त्या वासंतीपेक्षा सहा वर्षांनी मोठ्या, जिवाला जीव देणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याला ‘हं’ म्हणायचीही सवड न देणाऱ्या. एरवी वासंतीला त्यांचं ते धबधब्यासारखं बोलणं आवडायचं. पण गेले तीन महिने फोन वाजला की तो उचलू नये असं तिला वाटायचं, आणि पलीकडे वन्सं असल्या की आणखीच.

“… ह्यांचं? ह्यांचं बरं चाललंय. भाजी आणायला गेलेत खाली. … जेवतात हो. एक पोळी खाऊन उठण्याला जेवण म्हणायचं असेल तर जेवतात. … तेच हो, तेच. आज सकाळी पुन्हा. चहाचा कप हातात तसाच धरून बसले नि म्हणाले, गोळ्या मी वेळेवर आणल्या असत्या तर आईला घेरी आली नसती. … सांगते ना मी. … काय सांगणार? दोन दिवस गोळी चुकली म्हणून कोणी पडत नसतं, असं म्हणते. … हो, डॉक्टरही तेच म्हणाले होते. … ऐकतील तर ते तुमचे भाऊ कसले? … हं. … हं.”

मुक्ताबाई, म्हणजे वन्संच्या आणि वासंतीच्या नवऱ्याच्या, हिंमतरावांच्या आई, दिवाळी संपल्यावर आठवड्याभराने ह्याच हॉलमध्ये पडल्या होत्या. वय त्र्याऐंशी. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि बाराव्या दिवशी दवाखान्यातच त्या गेल्या. घेरी येऊन पडल्या, हे सगळ्या नात्यागोत्याला ठाऊक होतं. ब्लडप्रेशरच्या गोळ्या दोन दिवस आधी संपल्या होत्या आणि त्या आणायचं हिंमतराव विसरले होते, हेही सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भेटायला येईल त्याला ते स्वतःच सांगत होते. उरलेलं जे काही होतं ते एकट्या वासंतीला ठाऊक होतं.

“… झोप? तुम्हाला? … सलग? … अहो, मग पेढे वाटा की. … आणि पोटऱ्यांत गोळे? … तेही नाहीत? … छान झालं. काय, डॉक्टर बदललात की काय? … मोजे? … कसले मोजे? … कोणाचे?”

तिने रिसीव्हर ह्या कानावरून त्या कानावर घेतला.

“… आईंचे. … नाही, मला ठाऊक नव्हतं. … तेराव्याला? … लुगड्यांच्या घडीत घातले होते होय? … नाही हो, त्यात विचारायचं काय? आईच्या वस्तूवर लेकीचा हक्क नाही तर कोणाचा? … नाही, रागावले नाही. … खरंच नाही. आवाजाला काय झालंय? सर्दी आहे जरा. … बोला ना तुम्ही.”

मोज्यांचे ते जोड आईंच्या कपाटातल्या खालच्या खणात आहेत, असं वासंती धरून चालली होती. तो खण उघडायची तिची छाती झाली नव्हती. आज उघडू, उद्या उघडू असं करत तीन महिने काढले, आणि ते जोड इतके दिवस लोणी काळभोरला सुखाने नांदत होते.

वन्संनी आता मोज्यांचं पुराण लावलं. त्यांच्या गावात म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना पाय पुढे करायला लावून चांगलं अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, आणि वन्संना ते मंगलाष्टकांसारखं तोंडपाठ झालं होतं.

“… हो, वय झालं की रक्त पावलांपर्यंत नीट पोचत नाही, खरंय. … पाय गरम तर झोप लवकर. हो, तेजसही हेच म्हणायचा. … भेगा? आईंच्याही भरल्या होत्या की. महिन्याभरात टाचा कशा लोण्यासारख्या झाल्या होत्या! … हो ना, साखर असली की पायाला काय टोचलं, काय लागलं, कळतच नाही. मोजा असला म्हणजे तेवढंच पांघरूण. … तुमची किती आलीय आता? … बाई गं. … नाही, मग घालायलाच हवेत. घरातसुद्धा. … मी कुठे नको म्हणतेय? आईंना मीच तर घालत होते रोज सकाळी. माझ्या हाताने.”

शेवटचे शब्द तिने पदर तोंडाशी धरून म्हटले. वन्संना पलीकडे ते सर्दीचंच वाटलं असणार.

मोजे आणले होते तेजसने, तिच्या मुलाने. कंपनीने त्याला सहा महिने अमेरिकेत कामाला पाठवलं होतं. येताना सगळी मुलं चॉकलेटं नि परफ्यूम आणतात, ह्याने आजीसाठी डझनभर मोजे आणले. कसब्यातल्या जुन्या दोन खोल्यांत शहाबादी फरशी होती, ओबडधोबड, पायाला धरून ठेवणारी. हडपसरच्या ह्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तोंड बघून भांग पाडावा अशा टाइल्स होत्या. त्या पाहून पाहुणे वाहवा करायचे आणि मुक्ताबाईंचे पाय दसऱ्यापासूनच बर्फ व्हायचे. तेजसने आणलेल्या मोज्यांना टाच नव्हती, सरळ नळीच. कशीही चढवली तरी बसायची. रंग विटकरी, आणि एका बाजूला रबराचे बारीक पांढरे ठिपके, ओळीने, नेमके.

“… वन्सं, मी एक विचारू? … तुम्ही ते घालता कसे? … नाही, कसे म्हणजे… ते ठिपके कुठल्या बाजूला येतात? … वर. … हो. आई घालायच्या तसेच. … हो, दिसतं छान. … पायावर रांगोळी काढल्यासारखं. हो, असंच म्हणायच्या त्या.”

वासंती स्टुलावरून उठली, पुन्हा बसली. वन्संचं नवं घर तिच्या डोळ्यांपुढे आलं. दोन वर्षांपूर्वीच्या वास्तुशांतीला गाव लोटलं होतं ते ती फरशी बघायला. हॉलमध्ये मोठ्या चकचकीत टाइल्स, बाहेर पाच पायऱ्या काळ्या ग्रॅनाइटच्या, कठडा नाही. वाढताना तिचाच पाय त्या पायरीवरून सटकला होता आणि हातातली जिलबीची परात कोणीतरी वरच्या वर धरली म्हणून निभावलं होतं. आणि वन्सं बासष्ट वर्षांच्या. वजन म्हणाल तर विचारायची सोय नाही. दोन्ही गुडघे गेलेले.

“… काय म्हणालात? पुन्हा तुटक येतंय. … कुठे जाताय? … रेंज? … अहो, मग आत खिडकीत उभ्या राहा ना. … बाहेर? … पायऱ्यांवर? … वन्सं, पायात आहेत आत्ता? … मोजे हो! … आहेत. … दाजी काय करतायत? … पाइपने पायऱ्या धुतायत. … वन्सं, बसा. … आहे तिथे बसा बघू आधी. … नाही, वाईट बातमी नाही. … तेजस ऑफिसात गेलाय, मजेत आहे. … हेही बरे आहेत, सांगितलं ना. … असंच हो. उभ्याने काय बोलायचं एवढा वेळ? … बसलात? … कशावर? … पायरीवर टेकलात. … बरं. बसून राहा.”

तिने रिसीव्हर पुसला. काय सांगावं आणि कसं सांगावं, म्हणजे वन्संचा पाय वाचेल आणि आपणही वाचू, ह्याचा ती भराभरा विचार करत होती. आपण आपला आधी विचार करतोय, ह्याची तिला लाजही वाटली. पण विचार थांबला नाही.

“… मी काय म्हणते, ते मोजे जरा फिरवून घालून बघा ना. … फिरवून म्हणजे ठिपके खाली. तळव्याला. … ऊब जास्त येते म्हणतात तशी. … तेजस म्हणत होता. … नाही हो, टोचत नाहीत. मऊ असतात. … हो. … हो, माहितीये मला, आई काय म्हणायच्या ते. … मलाही म्हणायच्या ना.”

‘ठिपक्यांवर पाय देऊ नये,’ असं त्या म्हणायच्या. कसब्यात साठ वर्षं त्यांनी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली होती. सहाव्या मजल्यावर आल्यावर सोसायटीने ‘पॅसेजमध्ये रांगोळी काढू नये’ अशी छापील पाटी लावली, तेव्हापासून त्यांचा तो उद्योगही बंद पडला. मोजे पहिल्यांदा घातले त्या दिवशी म्हातारी पाय वाकडा करून तळवा बघत बसली. ‘नक्षी पायाखाली तुडवायला लावतेस होय गं मला?’ म्हणाली, आणि थरथरत्या हातांनी तिने मोजा काढून फिरवून घातला.

“… नाही, शास्त्राबिस्त्राचं काही नाही हो त्यात. … बरं, ते जाऊ दे. मग असं करू या का? ते मोजे तुम्ही मला पाठवून द्या. रविवारी तेजस येईल न्यायला. मी दुसरे आणून देते, चांगले, लक्ष्मी रोडवरून. … अहो, विटलेत ते आता. … वन्सं! … असं काय बोलता? … मी आईंच्या मोज्यांवर डोळा ठेवून बसलेय होय? … आईंची शाल तुम्ही नेलीत, मी कधी चकार शब्द काढला का? … लुगडी तुम्हाला मीच नाही का काढून दिली? … नाही. … नाही हो, तसं नाही. … अहो, रडू नका. वन्सं, रडू नका ना. … हो, मला कळतंय. … तुमच्याजवळ दुसरं आहे काय त्यांचं, खरं आहे. … पायात घातले की आईने पाय धरल्यासारखं वाटतं. … हं. … हं.”

वासंतीचेही डोळे वाहू लागले. ह्या बाईकडून आपण तिच्या आईचे मोजे मागून घेतोय, आणि ती समजतेय की भावजय कोती मनाची आहे. समजू दे. कोती समजली तर काय बिघडलं? तिच्या मनात आलं, की ‘जपून चाला’ एवढं सांगावं आणि फोन ठेवावा. वन्सं काय रोज पडणार आहेत? इतके दिवस नाही पडल्या. जगातल्या सगळ्या म्हाताऱ्या पडत नाहीत. वाट सोपी होती आणि तिने ती धरलीही.

“… बरं, राहू देत. तुमच्याचकडे राहू देत. मी आपलं उगाच म्हटलं. … फक्त जपून चाला हं. … हो. … हो, येते ना एकदा राहायला. … ह्यांनाही घेऊन येते. … कोण हाका मारतंय? … गॅसवाला आलाय फाटकात. … दाजी आहेत ना, ते बघतील. … तुम्ही कशाला उठताय? … वन्सं, पायऱ्या ओल्या आहेत. … वन्सं, थांबा! उठू नका. … उठू नका म्हणते ना! गेला खड्ड्यात तो गॅसवाला! … आई घेरी येऊन पडल्या नाहीत!”

एवढं बोलून ती थांबली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. वन्संशी ती पस्तीस वर्षांत कधी अशी ओरडून बोलली नव्हती. पलीकडे पाइपातून पाणी पडल्याचा आवाज तेवढा येत होता.

“… हॅलो? … हो, मी आहे. … बसलात ना परत? … ऐका. घसरल्या त्या. … मोज्यांनी. … हो, मोज्यांनीच. वन्सं, ते ठिपके नक्षीचे नाहीत. रबराचे आहेत. फरशी धरून ठेवायला लावलेले असतात खाली. ते वर घेतले की खाली नुसतं गुळगुळीत कापड राहतं. त्याने… हो. … त्याने घसरल्या आई.”

दाराच्या कुलपात किल्ली फिरली. हिंमतराव भाजीची पिशवी घेऊन आत आले. एक चप्पल काढून झाली होती, दुसरी पायात होती, आणि ‘चंद्राचा का गं?’ असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. बायकोचा चेहरा पाहून ते तसेच थांबले. वासंतीला अजून फोन ठेवता आला असता. ‘नंतर करते’ म्हटलं असतं की झालं. तिने नवऱ्याकडे पाठ फिरवली आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

“… मला कसं कळलं म्हणजे? … मला ठाऊकच होतं. … आधीपासून. … हो वन्सं, पडायच्या आधीपासून. तेजसने आल्या आल्या सांगितलं होतं, आई, ठिपके खाली हं. पाकिटावर चित्रसुद्धा होतं. … घातले ना! पहिले चार दिवस मी नीटच घातले. त्या फिरवायच्या. मी सरळ करायची, त्या पुन्हा फिरवायच्या. सकाळची घाई, तेजसची कंपनीची बस साडेसातला, डबा, ह्यांचा चहा, आंघोळीचं पाणी… पाचव्या दिवशी मीच ठिपके वर घेतले. … कटकट नको म्हणून. … हो. तेवढ्याच कारणासाठी. … दुसरं काहीच नाही. … ‘आता कसं,’ म्हणाल्या. खूश झाल्या. दिवसभर पाय पुढे करून बसायच्या.”

मागे पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला. वासंतीने वळून पाहिलं नाही.

“… तेजस कुठे बघतोय? तो निघायचा तेव्हा त्या अंथरुणात, तो यायचा तेव्हा गोधडीत. त्याला वाटतंय मी सांगितलं तसं करतेय. … नाही, त्याला अजून ठाऊक नाही. … कोणालाच नाही. … त्या दिवशी? फरशी नुकतीच पुसलेली होती. त्या गॅलरीत उन्हाला निघाल्या होत्या. मी कुकर लावत होते. … आवाज आला. … धावले. … मग? … मग मी पहिल्यांदा…”

हे सांगायचं नाही, असं तिने ठरवलेलं होतं. बाकी सगळं कधीतरी सांगावं लागलं तरी हे नाही. पण एकदा दार उघडल्यावर आतलं सगळंच बाहेर आलं.

“… पहिल्यांदा मी त्यांच्या पायातले मोजे काढले. … उचलायच्या आधी. … हो. त्या कण्हत होत्या, आणि मी मोजे काढत होते. … मशीनमध्ये टाकले. … मग शेजारी बेल वाजवली. … त्या बघत होत्या ना सगळं. टक लावून बघत होत्या. … एक शब्द बोलल्या नाहीत. … घेरीचं मी नाही सांगितलं वन्सं, देवाशप्पथ. डॉक्टरांनी विचारलं, आजी, पडलात कशा? मी समोरच उभी होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नि म्हणाल्या, घेरी आली. … मला वाचवलं त्यांनी. … आणि मी वाचून घेतलं. … मग गोळ्यांचा विषय निघाला. हे भिंतीला डोकं टेकून म्हणाले, चूक माझी. तरीसुद्धा मी काही बोलले नाही. … नाही बोलले. … ह्यांचं जेवण तुटलं, झोप उडाली, ते समोर बघत होते मी. तरी नाही.”

ती रडत नव्हती. रडायची वेळ निघून गेली आहे असं तिला वाटत होतं. सांगून टाकलं की हलकं वाटतं म्हणतात, तसं काही झालं नाही. छातीवरचा दगड होता तिथेच होता, फक्त आता सगळ्यांना दिसत होता. तिचे कान पलीकडे लागले होते. मग वन्सं बोलायला लागल्या, आणि आज पहिल्यांदाच त्या हळू बोलत होत्या.

“… बोला. … बोला, बोलायलाच हवं तुम्ही. … हो. … नाही, क्षमा मागायलाही तोंड नाही मला. … नका येऊ मला भेटायला. … बरं. … वर्षश्राद्धाला मी समोर येणार नाही. … नाही, ताट माझ्या हातचं नको तर नको. … तुम्ही म्हणाल तसं. … पण वन्सं, एवढं ऐका, आत्ता ते मोजे… हॅलो? … पाण्याचा आवाज जवळ कसा येतोय? … उठलात का तुम्ही? … कुठे निघालात? रागाच्या भरात चालू नका हो! … मला हवं ते बोला, पण आधी बसा. … वन्सं, बसा ना!”

तेवढ्यात एक हात पुढे आला आणि त्याने तिच्या मुठीतून रिसीव्हर सोडवून घेतला. हिंमतरावांच्या एका पायात अजून चप्पल होती. घरात चपलेने कोणी दोन पावलंही टाकलेली त्यांना चालत नसे.

“चंद्रे, मी बोलतोय. … ऐकलं. … आत्ताच, तुझ्याबरोबरच. … नाही, मलाही ठाऊक नव्हतं. … चंद्रे, ते सगळं नंतर. कुठे उभी आहेस? … कितव्या पायरीवर? … हात कशाला धरलाय का? … नाही. बरं. आता हलू नकोस. आहेस तिथे टेक. … हळू. … टेकलीस? … दाजींना बोलाव. … पाइप बंद करा म्हणावं आधी. … हं. थांबतो मी.”

ते थांबले. वासंती स्टुलावर अंग चोरून बसली होती. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला मेथीचं एक पान चिकटलेलं होतं. एरवी तिने ते हात लांबवून काढलं असतं.

“… हां, दाजी. नमस्कार. … चंद्राच्या पायात मोजे आहेत ना, ते फिरवून घाला. … तुम्हीच घाला, तिला वाकवू नका. … कारण ती सांगेल. … पांढरे ठिपके तळव्याला आले पाहिजेत. … नाही, नाही, काढून टाकू नका. पाय गार पडतात तिचे, झोप लागतेय तिला त्याने. … एक झाला? … दुसरा? … बरं. आता उठवा तिला. हात धरा. … त्या ओल्या पायरीवरच उभी करा. … एक पाऊल टाक म्हणावं. … घसरतंय? … नाही? … पाय ओढून बघ म्हणावं जरा. … सरकतच नाही? … अजिबात?”

हा ‘अजिबात’ त्यांनी इतक्या हलक्या आवाजात विचारला, की दाजींना तो ऐकू गेला नसावा. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

“… बरं. … बरं झालं. … आत घेऊन जा तिला. … नाही, आज नको. मी करीन फोन.”

रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला, नीट बसलाय ना ते बोटाने दाबून पाहिलं. मग वाकून दुसरी चप्पल काढली, दाराशी पहिलीच्या शेजारी नेऊन ठेवली, आणि परत येऊन वासंतीसमोर उभे राहिले. ती वर बघेपर्यंत ते थांबले.

“तीन महिने,” ते म्हणाले.

त्यांनी पिशवी उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नेऊन ठेवली. मग ते आईच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून कडी लावली.